कोल्हापूरच्या डोंगरात, नावांच्या मागावर

दिवाळी सरली की कोल्हापूरच्या पश्चिमेला भाताची कापणी लागते. रस्ते वाळलेले असतात, ओढ्यांना मात्र अजून पाणी असतं. गावांची नावं पारखून बघायला हाच काळ बरा. पाणी कुठं मुरतं, उतार कुठं आहे, झाड कुठलं आहे हे सगळं दिसतं, आणि खळ्यावर माणसं भेटतात. मी आणि माझा मामेभाऊ मोटरसायकलवरून निघालो ते एकच नेम धरून: नावाची गोष्ट ऐकायची, मग त्या जागी उभं राहून ती गोष्ट जमिनीला लागू पडते का ते बघायचं.

पहिला दिवस : करवीर, टेंबलाई, प्रयाग चिखली

कोल्हापूरच्या नावाची गोष्ट इथं लहान पोरालाही पाठ असते. कोल्हासुर माजला, अंबाबाईनं त्याला मारलं. मरताना त्यानं मागून घेतलं की या गावाला माझं नाव राहू दे आणि वर्षाला एक कोहळा माझ्या नावानं फुटू दे. ललिता पंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर कोहळ्याचा विधी होतो, तो याच आठवणीचा. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. जिंकलेल्या देवीच्या गावाला हरलेल्याचं नाव, आणि तेही देवीनंच मान्य केलेलं.

आता जमिनीकडं बघू. जुन्या कोरीव लेखांत हे गाव कोल्लापूर म्हणून येतं, आणि कन्नडात कोल्ल म्हणजे खोलगट जागा, दरी. शिलाहार राजांच्या काळात या मुलखात कन्नड चालत होती, तेव्हा हा अर्थ ओढूनताणून लावलेला नाही. सकाळी रंकाळ्यावरून निघालो आणि जुन्या गावात तळी मोजत फिरलो. रंकाळा आणि कोटितीर्थ अजून आहेत. पद्माळा बुजला. कपिलतीर्थ बुजवून तिथं मंडई झाली, वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. मोठा पाऊस झाला की त्या मैदानात पाणी साचतं आणि लोक गटारांना दोष देतात. जागेच्या नावातच 'वरुण' आहे आणि 'तीर्थ' आहे, एवढं कुणी ध्यानात घेतलं असतं तर पाण्याची वाट आधीच सोडली असती. पाणी खोलगटाकडं येणारच.

करवीर हे गावाचं पुराणातलं नाव. संस्कृतात करवीर म्हणजे कण्हेर. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं, तेव्हा सातवाहन काळातली वस्ती उजेडात आली. त्याच टेकाडातून निघालेली समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची मूर्ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी जिथं रोमी जगातली वस्तू येऊन पोचत होती, त्या गावाला नाव एकच असेल कसं? येणारा-जाणारा आपापल्या भाषेत हाक मारणार.

टेंबलाईबद्दल माझं मत सांगतो. देवळात तिला त्र्यंबोली म्हणतात. पण टेंब म्हणजे उंचवटा, टेकाड. टेंबावरची आई ती टेंबलाई, आणि त्र्यंबोली हे रूप मागाहून संस्कृताच्या अंगानं घडलेलं असावं. टेकडीच्या माथ्यावरून गाव खाली पसरलेलं बघितलं की हे मत आणखी पक्कं होतं.

दुपारनंतर प्रयाग चिखलीला गेलो. इथं पंचगंगा होते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती अशी चार नावं सगळे सांगतात, पाचवी सरस्वती, ती गुप्त. घाटावर एक काका म्हैस धूत होते. त्यांना विचारलं, चिखली नाव कशावरून?

"चिखलावरनं. दुसरं काय असणार? २०१९ ला यायचं हुतं, मग कळलं असतं, म्हणून सांगायचो आमी पावण्यांना. आता तर २०२१ ला बी आलं. पाणी उतरलं की घरात गुडघाभर गाळ."

पूर आला की चिखलीचं गाव सोनतळीच्या माळाकडं जातं. नद्या जिथं एकमेकींना मिळतात तिथं प्रवाहाचा वेग मोडतो आणि सोबत आणलेला गाळ तिथंच बसतो. प्रयाग हे नाव भाविकांनी दिलं आणि चिखली हे नाव तिथं राहणाऱ्यांनी. दोन्ही खरी आहेत, म्हणूनच गाव दोन्ही एकत्र लावतं.

दुसरा दिवस : वाघबीळ, जोतिबा, पन्हाळा

रत्नागिरी रस्त्यानं पन्हाळ्याकडं वळायच्या आधी वाघबीळ लागतं. बीळ म्हणजे इथं उंदराचं नव्हे, श्वापदाची बसायची जागा. आता तिथं हॉटेलं आणि उसाच्या ट्रॉल्या. पण या डोंगरपट्ट्यात वाघवे आहे, ठिकठिकाणी वाघजाई आहे. वाघ गेला तरी त्याची हद्द कुठवर होती हे नावांवरून नकाशावर काढता येईल, आणि कुणीतरी ते काम करायला हवं.

जोतिबाला दहाच्या सुमारास पोचलो. सरकारी कागदावर गावाचं नाव वाडी रत्नागिरी. कोल्हापुरात ते नाव कुणी घेत नाही. "डोंगरावर जाऊन आलो" म्हटलं की जोतिबा समजायचा. रत्नागिरी नावामागं रत्नासुराची कथा आहे. जोतिबानं त्याला इथं मारलं. म्हणजे पुन्हा तेच: कोल्हासुराचं कोल्हापूर, रत्नासुराचा रत्नागिरी. एकाच मुलखात दोनदा हरलेल्याचं नाव जागेला राहतं, हा योगायोग मी मानत नाही. नव्या देवाचं ठाणं होण्याआधी त्या जागेला काही तरी नाव होतं, लोकांच्या तोंडी होतं, ते पुसता आलं नाही. मग कथेनं त्या जुन्या नावाला असुर केलं आणि मरताना वर देऊन ते टिकवलंही. हा माझा तर्क आहे, पण डोंगरावर उभं राहून तो मला पटतो. सध्याचं देऊळ राणोजी शिंदे यांनी १७३० साली बांधवलेलं. गाव, वाडी, राजवट बदलत गेली. 'डोंगर' बदलला नाही.

पन्हाळ्यावर दुपार गेली. या नावावर मला जरा रेंगाळायचं आहे.

गडावर कुणालाही विचारा, पन्नगालय म्हणजे सापांचं घर, म्हणून पन्हाळा, असं सांगतात. गडावर नागझरी आहे, तिचा दाखला देतात. गोष्ट छान आहे. पण शिलाहारांच्या लेखांत गडाची रूपं प्रणालक, पद्मनाल अशी आहेत. १६७३ साली शिवाजी महाराजांच्या कोंडाजी फर्जंदानं गड घेतला, त्यावर जयराम पिंड्ये यांनी संस्कृत काव्य लिहिलं. त्यात तो पर्णाल पर्वत आहे. प्रणाल म्हणजे पाणी वाहून नेणारी नाळ. त्याच घराण्यातला आपला शब्द पन्हळ: कौलांवरचं पाणी एका धारेनं खाली सोडणारी. माझ्या आजोळी जुन्या घराला पन्हळ होती, आणि मृगाच्या पहिल्या पावसात आम्ही पोरं तिच्याखाली आंघोळ करायचो.

म्हणून तीन दरवाजाकडून अंधारबावीपर्यंत चालताना मी पाण्याकडंच बघत होतो. अंधारबाव म्हणजे वरून इमारत, आत तीन मजले, तळाशी झऱ्याचं पाणी. त्याखेरीज गडावर तळी आहेत, झरे आहेत. कातळाच्या कडेवरून उतरलेल्या पाण्याच्या जुन्या वाटा सज्जाकोठीकडून स्पष्ट दिसतात. सह्याद्रीच्या रांगेतून पूर्वेला निघालेलं हे एक लांबट टोक, दोन्ही अंगांनी पाणी खाली सोडणारं. पन्हळ हा अर्थ जमिनीला चपखल बसतो. तरीही मी पन्नगालयाची गोष्ट टाकून द्या म्हणणार नाही. लोकांनी त्या जागेबद्दल काय मनात धरलं ते त्यात आहे. फक्त दोन्ही सांगा, आणि कुठलं आधीचं ते सांगा.

संध्याकाळी पायथ्याच्या गावांची नावं घोकत बसलो होतो. वेखंडवाडी: वेखंड ओलसर, पाणथळ जागीच होतं, तेव्हा तिथं झरा किंवा दलदल असलीच पाहिजे. म्हाळुंगे: महाळुंग, ते मोठं लिंबाच्या जातीचं फळ. नेबापूर हे शिवा काशिदांचं गाव, पन्हाळ्याच्या वेढ्यात शिवाजी महाराजांचं सोंग घेऊन ज्यांनी जीव दिला त्यांचं. त्याचा अर्थ मला लागला नाही, पण त्या माणसानं गावाला जे नाव मिळवून दिलं त्यापुढं व्युत्पत्ती फिकी आहे.

तिसरा दिवस : मसाई पठार ते पावनखिंड

पहाटे मसाई पठार. एकामागून एक पसरलेली जांभ्याची सपाटी, वर पिवळं पडलेलं गवत, कडेला मसाईचं देऊळ. पठाराला देवीचं नाव. या डोंगरांतल्या देवींची नावं एका ओळीत म्हणून बघा: मसाई, जुगाई, यमाई, वाघजाई, टेंबलाई. शेवटी आई, आधी जागा किंवा जनावर किंवा कुणालाच अर्थ न लागणारा एखादा जुना शब्द. शाहूवाडी तालुक्यात तर येळवण जुगाई असं गावच आहे. येळवण नावाला देवी कायमची चिकटलेली. मला वाटतं, या नावांतला न कळणारा भाग हाच सर्वांत जुना. त्याचा अर्थ लावायची घाई करू नये.

बांबवडे, मलकापूर मागं टाकून पांढरपाण्याला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर भात झोडणं चाललं होतं. एक आजोबा पेंढ्या लावत होते.

"कुठनं आलासा?"

"कोल्हापूरहून. गावाला पांढरपाणी का म्हणतात, ते विचारायचं होतं."

"आता आलासा व्हय? आखाडात यायला पायजे. ह्यो वडा हाय न्हवं, त्यो वरनं असा कोसळतोय, दुधावानी. आमचं आज्जं म्हणायचं, पाणी तांबडं झालं तर समजायचं वर डोंगार तुटला."

मी वहीत लिहून घेतलं. हे निव्वळ नावाचं स्पष्टीकरण नव्हतं. वरचं रान शाबूत आहे तोवर ओढा पांढरा, माती सुटली की तांबडा, ही पारख त्यांच्या आज्ज्यापासून चालत आलेली आहे. बरीच वर्षं या सह्याद्रीत बॉक्साईटच्या खाणींवरून वाद चालू आहेत. पांढरपाणी या नावाचा अर्थ त्या वादात कुणीतरी मांडायला हवा.

तिथून पावनखिंडीत उतरलो. पायऱ्या संपल्या की लोखंडी शिडी, आणि खाली कासारीला जाऊन मिळणारा ओढा. दोन्ही बाजूंना कातळ, वर गच्च झाडी, वाट अरुंद. हिचं आधीचं नाव घोडखिंड. एका वेळी एक घोडा जाईल एवढीच जागा म्हणून घोडखिंड, असं सांगतात, आणि तिथं उभं राहिल्यावर ते समजावून सांगावं लागत नाही.

१६६० च्या मार्चपासून सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातलेला. १२ जुलैच्या रात्री महाराज गडावरून निघाले, आम्ही सकाळी ज्या पठारावर होतो तेच ओलांडून. दुसऱ्या दिवशी बाजीप्रभू देशपांड्यांनी आणि त्यांच्या मावळ्यांनी ही खिंड धरली, विशाळगडावरून तोफांचा इशारा होईपर्यंत धरली, आणि इथंच पडले. घोडखिंडीची पावनखिंड झाली. हे पावन आहे, पवन नव्हे. वाऱ्याशी त्याचा संबंध नाही. काही पाट्यांवर आणि बऱ्याच मोबाईलवर चुकीचं लिहिलेलं दिसतं. तेवढा एक काना वाचवायला हवा, कारण त्या कान्यातच माणसांचं रक्त आहे.

विशाळगड खिंडीपासून जवळच. या गडाचं जुनं नाव खेळणा. १४५३ साली बहमनी सरदार मलिक-उत्-तुजार खेळण्यावर चालून निघाला, शिर्क्यांनी त्याच्या फौजेला दाट रानात नेलं आणि तिथं ती कापली गेली. १६५९ मध्ये महाराजांनी गड घेतला आणि विशाळगड नाव ठेवलं. १७०२ मध्ये औरंगजेबानं मोठी किंमत मोजून तो घेतला आणि त्याचं नाव सख्खरलाना केलं. बादशहानं दिलेलं ते नाव आज आजूबाजूच्या एकाही गावात ऐकू येणार नाही. खेळणा अजून जाणकारांच्या तोंडी आहे, विशाळगड सगळ्यांच्या. हुकूम तर दोघांनीही केले. पण एका नावामागं या डोंगरातली माणसं उभी राहिली, दुसऱ्यामागं फक्त शिक्का होता.

संध्याकाळी येळवण जुगाई, करंजफेणमार्गे कासारीच्या खोऱ्यानं बाजारभोगावला उतरलो. करंजफेण म्हटलं की करंज डोळ्यापुढं येतो आणि फेसाळतं पाणीही. मुक्काम मामेभावाच्या सासुरवाडीत. रात्री नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, आणि घरातल्या पाच माणसांची पाच मतं.

चौथा दिवस : कळे, गगनबावडा, भुईबावडा

बाजारभोगावहून कळ्याला आलं की गगनबावड्याचा रस्ता मिळतो. इथं कळंबे तर्फ कळे नावाचं गाव आहे. कोल्हापूरजवळ दुसरं आहे, कळंबे तर्फ ठाणे. कळंब म्हणजे कदंबाचं झाड, त्यामुळं कळंबे दोन असणं साहजिक. गोंधळ होऊ नये म्हणून जुन्या महसुली विभागाचं, तर्फेचं नाव पुढं जोडलं. पन्हाळ्याच्या बाजूला पोर्ले तर्फ ठाणे आणि पोर्ले तर्फ बोरगाव अशीच जोडी आहे. तर्फा गेल्या, नावातून गेल्या नाहीत.

करवीर तालुक्यात तर निगवे खालसा आणि निगवे दुमाला, सडोली खालसा आणि सडोली दुमाला अशा जोड्या आहेत. खालसा म्हणजे ज्या गावाचा सारा थेट सरकारात जायचा. दुमाला म्हणजे तो सारा कुणाला तरी इनाम लावून दिलेला. दोन्ही निगव्यांतली माणसं एसटीच्या पाटीवर हे शब्द रोज वाचतात. आपल्या पणज्याचं धान्य कुणाच्या कोठारात गेलं त्याची ही नोंद आहे, हे शाळेत शिकवायला काय हरकत आहे? इतिहासाचा याहून जवळचा धडा त्या पोरांना मिळणार नाही.

साळवण सोडलं आणि हवा बदलली. जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस गगनबावड्यात पडतो आणि कार्तिकातही तिथली माती ओली होती. कुंभी इथूनच निघते. तिच्या काठी कुंभ्याची झाडं बघून मला वाटलं की नदीचं नाव पुराणातल्या कुंभावरून नसून या झाडावरून असावं. पळसंब्याला थांबलो, ओढ्याकाठी एकसंध दगडात कोरलेली रामलिंगाची छोटी देवळं बघितली. पळस आणि आंबा, असं गावकरी नावाचं सांगतात.

गगनबावड्यापासून दोन घाट कोकणात उतरतात, करूळ आणि भुईबावडा. दुपारी घाटाच्या तोंडाशी उभे होतो. वर गगनगड, त्याच्या पायाशी गगनबावडा, आणि खाली वैभववाडी तालुक्यात भुईबावडा. एक बावडा गगनाचा, एक भुईचा. कोल्हापुरातल्या कसबा बावड्यासकट तीन बावडे झाले. नावं ठेवणाऱ्यानं एकच शब्द घेतला आणि त्याच्यापुढं फक्त उंची लावली. वरचं गाव अर्धं वर्ष ढगात असतं. खालचं भाताच्या खाचरांत सपाट पसरलेलं. घाटावरचा माणूस आणि घाटाखालचा माणूस रोज मिठा-तांदळाच्या व्यवहारात एकमेकांना ओळखत असल्याशिवाय अशी जोडनावं पडत नाहीत. आज मध्ये जिल्ह्याची हद्द आहे. नावांना ती माहीत नाही.

वरच्या एका वाडीत चहाला थांबलो तिथं घरातल्या आज्जींनी शिवाराची नावं सांगितली. ही नावं सातबाऱ्यावर नसतात, तिथं गट नंबर असतो. हातातलं विळ्याचं काम न थांबवता त्या म्हणत गेल्या: गव्याचा दरा, गवळदेवाचा टेक, उंबराचं पाणी, शेळीचा कडा, गुरवकी, लांबपट्टी.

"गव्याचा दरा कशावरून?"

"गवं उतरत्यात म्हणून. अजून बी उतरत्यात. तिथं नाचणा करायचाच न्हाई, हे आमाला सासूनं सांगितलंय."

गुरवकी म्हणजे देवळाच्या सेवेसाठी गुरवाला दिलेली जमीन. अशाच गावोगावच्या हाडक्या, सेवेपोटी महार वतनदारांना दिलेल्या. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये घेतला, तो योग्यच होता. कुणाच्या पत्त्यात अपमान असू नये. मात्र पाटी बदलताना जुनं नाव आणि त्यामागचा व्यवहार गावच्या दप्तरात लिहून ठेवला पाहिजे, नाहीतर कुणाकडून कोणती सेवा करून घेतली हेही पाटीसोबत पुसलं जाईल.

आज्जींच्या सुनेला यातली निम्मी नावं माहीत होती. नातू पुण्यात असतो, त्याला 'वरचं रान' आणि 'खालचं रान' एवढंच ठाऊक. मी त्यांना सगळी नावं पुन्हा म्हणायला लावली आणि मामेभावानं फोनवर आवाज भरून घेतला. ग्रामपंचायतीनं हे काम हातात घेतलं तर एका गावाला दोन संध्याकाळी पुरतील: तीन-चार म्हातारी माणसं, शाळेतली पोरं, गावाचा नकाशा आणि पेन. नाव, जागा, कुणी सांगितलं, काय सांगितलं. अर्थ लागो न लागो.

परतताना अणदूरची पाटी दिसली. कन्नडात ऊर म्हणजे गाव, आणि हा शेवट इकडं इतक्या पश्चिमेला, कोकणच्या काठावर सापडतो. आजरा-गडहिंग्लजकडं उत्तूर, हसूर, नांगनूर अशी नावं दाटीनं येतात. त्या बाजूला आता उन्हाळ्याआधी जायचं आहे. मामेभावाचा एक मित्र निपाणीचा आहे, घरात कन्नड बोलतो. त्याला बरोबर घेणार. कोल्लाबद्दल त्याच्या आईला काय वाटतं, तेही विचारायचं राहिलंय.